शरदातली सिसिली : देवळे, मिठागरे आणि ऑलिव्हचे घाणे

भूमध्य समुद्रातले सर्वांत मोठे बेट असलेली सिसिली बहुतेक प्रवासी उन्हाळ्यात पाहतात आणि किनारा सोडून फारसे आत शिरत नाहीत. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेले, तर मात्र हे बेट कामात गढलेले दिसते. ऑलिव्हची काढणी ऐन भरात असते, एटना ज्वालामुखीच्या उतारांवर उशिरा पिकणाऱ्या द्राक्षांची तोडणी संपत आलेली असते, मिठागरांतल्या मिठाच्या राशी पावसापासून वाचवण्यासाठी कौलांनी शाकारलेल्या असतात आणि मिठाईच्या दुकानांत २ नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवसाची लगबग सुरू झालेली असते. संस्कृती आणि खाद्यपरंपरा या दोन्हींची सांगड घालणाऱ्या एका मार्गदर्शित सहलीत आम्ही सहभागी झालो, ते याच दिवसांत. पुणे आणि नाशिकहून आलेली काही मंडळी, जर्मनीत स्थायिक झालेली दोन मराठी कुटुंबे आणि पालेर्मोत वाढलेल्या, पुरातत्त्वशास्त्र शिकलेल्या आमच्या मार्गदर्शक बाई, असा आमचा लहानसा चमू होता.

या बेटावर फिनिशियन, ग्रीक, कार्थेजकर, रोमन, बायझंटाइन, अरब, नॉर्मन, जर्मन आणि स्पॅनिश अशा सत्ता एकामागून एक आल्या, आणि १८६० मध्ये गारिबाल्डी मार्सालाला उतरल्यावर ते एकसंध इटलीकडे गेले. इतके सगळे राज्यकर्ते एका सहलीत लक्षात ठेवणे कठीण आहे. परंतु प्रत्येकाने मागे ठेवलेले पीक, पाणी आणि पदार्थ यांचा माग धरत गेले की सगळा क्रम आपोआप उलगडत जातो. प्रवासाची आखणी याच धाग्यावर केलेली होती आणि मला ती मनापासून पटली.

पहिला दिवस : पालेर्मोचा बाजार

विमानतळावरून शहरात आल्यावर बाईंनी आम्हाला आधी कोणत्याही चर्चमध्ये न नेता बालारोच्या बाजारात नेले. शतकानुशतके भरत आलेला हा बाजार अरुंद गल्ल्यांतून पसरलेला आहे. डोक्यावर रंगीत कनातींचे छत, खाली बर्फावर मांडलेले मासे, हाताएवढे लांब फिकट हिरवे भोपळे, जांभळी गोल वांगी आणि सुरात ओरडून माल विकणारे विक्रेते यांच्यातून वाट काढत पुढे जावे लागते. बाजूच्या वस्तीत बांगलादेश, घाना आणि श्रीलंका येथून आलेली माणसे राहतात. श्रीलंकेतल्या तमिळ कुटुंबांची पालेर्मोत मोठी वसाहत आहे. शहराची रक्षणकर्ती मानल्या जाणाऱ्या संत रोझालियाच्या मोंते पेल्लेग्रिनोवरील गुहेतल्या देवस्थानाला त्यांच्यातले हिंदूही नेमाने जातात. सतराव्या शतकात प्लेगची साथ या संत स्त्रीने हटवली, अशी पालेर्मोकरांची श्रद्धा आहे. दूरदेशी आलेल्या माणसांनी त्या गावच्या देवतेला आपले मानावे, ही गोष्ट मला फार सुंदर वाटली.

बाजारात उभ्यानेच आमचे पहिले खाणे झाले. ‘पानेल्ले’ हा पदार्थ हाती आला, तेव्हा नाशिकच्या काकू तो पाहून हरखून गेल्या, कारण हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून, थापून, वड्या पाडून केलेली ती आपली पाटवडीच होती. फरक इतकाच, की ती तळून, वर लिंबू पिळून, तीळ लावलेल्या मऊ पावात घालून देतात. आमच्यातल्या शाकाहारी मंडळींची पुढच्या दिवसांची चिंता त्या पहिल्या घासातच बरीचशी मिटली. मांसाहारी मंडळींनी गाईची प्लीहा घातलेला पाव चाखला. त्याविषयी मते दुभंगली, एवढेच नोंदवून ठेवतो.

रात्रीच्या जेवणात ‘कापोनाता’ होती. तळलेल्या वांग्याच्या फोडी, सेलरी, ऑलिव्ह आणि केपरच्या कळ्या टोमॅटोत शिजवून, वरून व्हिनेगर आणि साखर घालून हा आंबटगोड पदार्थ करतात आणि निववून खातात. वांगे आणि ऊस या दोन्ही गोष्टी पश्चिमेला गेल्या त्या आपल्याकडून. इराण आणि अरबस्तानमार्गे त्या पश्चिमेकडे सरकत गेल्या आणि अरबांच्या काळात सिसिलीच्या मातीत रुजल्या. ताटातल्या पदार्थाने एवढा लांबचा प्रवास केला आहे हे माहीत झाल्यावर तो पदार्थ सावकाश खावासा वाटतो.

दुसरा दिवस : पालातिना प्रार्थनागृह आणि मोनरेआले

अरबांनी ८३१ मध्ये पालेर्मो घेतले आणि १०७२ मध्ये नॉर्मनांनी ते त्यांच्याकडून जिंकले. उत्तरेकडून आलेल्या या ख्रिस्ती राजांनी अरब कारागीर, ग्रीक चित्रकार आणि लॅटिन धर्मगुरू या तिघांनाही आपल्या पदरी ठेवले. दुसऱ्या रॉजरचा राज्याभिषेक ११३० मध्ये झाला आणि राजवाड्यातल्या त्याच्या खासगी प्रार्थनागृहाचे पवित्रीकरण ११४० मध्ये. आत पाऊल टाकताच भिंतींवर सोनेरी पार्श्वभूमीची बायझंटाइन कुट्टिमचित्रे, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रे, दिसतात, पायाखाली संगमरवराची भौमितिक नक्षी असते आणि मान वर केली की लाकडाचे असे छत दिसते, जे कोणत्याही चर्चपेक्षा एखाद्या अरब राजाच्या दिवाणखान्यात अधिक शोभावे. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या त्याच्या कोनाकोनांतून वादक, नर्तिका, पेले हाती घेतलेले रसिक आणि बुद्धिबळ खेळणारी माणसे रंगवलेली आहेत. खालून ती नीट दिसत नाहीत. बाईंनी दुर्बीण आणली होती आणि प्रत्येकाच्या हाती ती शांतपणे फिरली.

याच राजवाड्यात एक शिलालेख आहे, ज्याच्याकडे गर्दीचे लक्ष जात नाही. रॉजरने ११४२ मध्ये बसवलेल्या पाण्याच्या घड्याळाविषयीचा हा मजकूर लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत एकाखाली एक कोरलेला आहे. राजाच्या प्रजेत या तिन्ही भाषा बोलणारी माणसे होती, म्हणून एका घड्याळाची वार्ताही तिघांच्या लिपीत लिहिली गेली. याच दरबारात अल-इद्रिसी या भूगोलवेत्त्याने ११५४ मध्ये जगाचा नकाशा आणि त्याचे वर्णन पूर्ण केले. पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात धाग्यांसारखा सुकवलेला पास्ता तयार होतो आणि जहाजे भरून परदेशी जातो, असे त्याने नोंदवले आहे. मार्को पोलोने चीनहून पास्ता आणल्याची कथा अजून सांगितली जाते. तिला उत्तर म्हणून ही नोंद पुरेशी आहे, कारण तेव्हा मार्को पोलोचा जन्म व्हायला जवळजवळ १०० वर्षे होती.

दुपारी मोनरेआलेला गेलो. दुसऱ्या विल्यमने ११७४ च्या सुमारास बांधायला घेतलेल्या या कॅथेड्रलमध्ये ६,००० चौरस मीटरहून अधिक भिंत कुट्टिमचित्रांनी मढलेली आहे. ते पाहून मन दिपते, हे खरे. मी मात्र बाजूच्या चौकात अधिक रमलो. तिथे दोनशेहून अधिक जोडस्तंभ आहेत, प्रत्येक जोडीचा माथा वेगळा कोरलेला आहे आणि एका कोपऱ्यात ताडाच्या खोडाच्या आकाराचे कारंजे आहे. एका माथ्यावर द्राक्षे खुडणारी माणसे, दुसऱ्यावर धान्य, तिसऱ्यावर पक्षी, असे पाहत पाहत चौकाची एक फेरी पुरी करायला तासभर सहज लागतो.

परतताना मार्तोराना चर्चपाशी थांबलो. बाजूच्या मठातल्या जोगिणी बदाम आणि साखरेच्या गोळ्यातून हुबेहूब फळे घडवत. राजाच्या भेटीच्या वेळी झाडांना फळे नव्हती, म्हणून त्यांनी ही गोडाची फळे फांद्यांना टांगली, अशी दंतकथा आहे. आता मठातल्या जोगिणी ती करत नाहीत, पण त्या मठाचे नाव मिठाईला चिकटले आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस पालेर्मोच्या दुकानांत अशी डाळिंबे, अंजिरे आणि निवडुंगाची बोंडे रचलेली असतात. १ नोव्हेंबरच्या रात्री घरातली मृत माणसे येऊन मुलांसाठी खेळणी आणि मिठाई ठेवून जातात, असे इथे मुलांना सांगतात. बाईंनी सांगितले, की त्यांच्या लहानपणी आजोबांच्या नावाने आलेली साखरेची बाहुली त्या कित्येक दिवस खात नसत.

तिसरा दिवस : सेजेस्ता, मिठागरे आणि कुसकुस

सेजेस्ताचे देऊळ डोंगराच्या कुशीत एकटे उभे आहे. इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस ते बांधायला घेतले आणि ते कधीच पुरे झाले नाही. त्याचे ३६ स्तंभ जागेवर आहेत. पण त्यांवर ग्रीक स्तंभांना असतात तशा उभ्या पन्हळी कोरलेल्या नाहीत आणि दगड उचलण्यासाठी ठेवलेले उंचवटे पायऱ्यांवर अजून तसेच आहेत. अर्धवट राहिल्यामुळेच हे देऊळ कसे बांधत होते, ते आज समजते. पूर्ण झालेल्या कोणत्याही देवळाने मला बांधकामाविषयी इतके शिकवले नाही.

तिथून त्रापानी आणि पाचेको यांच्यामधल्या मिठागरांकडे गेलो. समुद्राचे पाणी उथळ कुंडांमधून टप्प्याटप्प्याने पुढे सोडतात. ऊन आणि वारा त्याची तीव्रता वाढवत नेतात आणि उन्हाळ्यात शेवटच्या कुंडांत मीठ बसते. पाणी उपसायला आणि मीठ दळायला वापरल्या जाणाऱ्या पवनचक्क्यांपैकी काही अजून उभ्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा काढणी संपलेली होती आणि बांधांवर मिठाच्या लांबट राशी रचून त्यांवर मातीची कौले घरावर शाकारावीत तशी बसवणे चालले होते. दोन माणसे कौले पुढे देत होती आणि तिसरा ती खालून वर, एकीवर दुसरी चढवत लावत होता. पाऊस आला, तर वरचा थर घट्ट होऊन आतले मीठ कोरडे राहते. प्लॅस्टिकचा कागद स्वस्त पडतो, परंतु त्याच्याखाली मिठाला घाम सुटतो, असे त्यांच्यापैकी एकाने सांगितले.

संध्याकाळी त्रापानीतल्या एका घरी कुसकुस कसा करतात, ते पाहिले. समोरच ट्युनिशिया असल्यामुळे हा पदार्थ इथल्या कोळी कुटुंबांचा झाला आहे. घरातल्या मावशींनी पसरट मातीच्या परातीत गव्हाचा जाड रवा घेतला, डावा हात पाण्यात बुडवून थेंब शिंपडले आणि उजव्या हाताची बोटे फाकवून रवा गोल गोल फिरवायला सुरुवात केली. कणाला कण चिकटून मोहरीएवढे दाणे तयार होऊ लागले. हात थांबला की गुठळी होते आणि पाणी जास्त झाले की पीठ होते, म्हणून त्या बोलतानाही परातीवरून नजर काढत नव्हत्या. दाणे सुकल्यावर तेल, कांदा आणि तमालपत्र लावून ते भोकाच्या मातीच्या भांड्यात भरले. ते भांडे पाण्याच्या पातेल्यावर ठेवून दोघांच्या मधली फट कणकेने लिंपली, म्हणजे वाफ फक्त दाण्यांतूनच वर जाते. तासा-दीड तासाने ते परातीत काढून, वर माशांचा रस्सा ओतून, लोकरी घोंगडीत गुंडाळून ठेवले. आमच्यापैकी शाकाहारी मंडळींसाठी त्यांनी भाज्यांचा रस्सा वेगळा केला होता आणि त्याची पळीही वेगळी ठेवली होती. पाहुण्याच्या पथ्याची अशी काळजी घेणाऱ्या घरात जेवायला बसताना संकोच उरत नाही.

चौथा दिवस : बेलिचेचे खोरे

या दिवसाचा बराचसा वेळ ऑलिव्हच्या बागेत गेला. कास्तेल्वेत्रानोच्या आसपास नोचेल्लारा देल बेलिचे या जातीची झाडे आहेत. हिची फळे मोठी, गोल आणि गरदार असतात, त्यामुळे ती मुरवून खायलाही चालतात आणि तेलासाठीही. खायची फळे हातानेच खुडतात, कारण एकही डाग पडून चालत नाही. गळ्यात टोपली अडकवून, शिडीवर उभे राहून माणसे फांदीन् फांदी हलक्या हाताने रिकामी करतात. तेलासाठीच्या फळांखाली जाळ्या अंथरून ती विंचरून पाडतात.

त्याच दिवशी पाडलेली फळे त्याच संध्याकाळी घाण्यावर पोचतात. फळ जितके जास्त थांबेल तितके ते आंबते आणि तेलाची आम्लता वाढते. पाने फुंकून काढली जातात, फळे बियांसकट चिरडली जातात, तो लगदा हळूहळू मळला जातो आणि मग गतीने फिरणाऱ्या यंत्रात तेल, पाणी आणि चोथा वेगळे होतात. २७ अंश सेल्सिअसच्या वर तापमान जाऊ दिले नाही, तरच त्या तेलावर ‘थंड प्रक्रियेने काढलेले’ असे लिहिता येते. नळीतून पडणारे तेल गढूळ आणि गर्द हिरवे होते. पावाच्या तुकड्यावर घेतलेल्या त्या तेलाला कापलेल्या गवताचा वास होता आणि गिळताना घशाशी तिखट झटका बसला. हा झटका ताज्या, चांगल्या तेलाची खूण आहे. आपल्याकडे दुकानातल्या बाटलीत ती सहसा उरलेली नसते. कुणी सिसिलीला शरदात जाणार असेल, तर एखादे देऊळ कमी पाहा, पण घाणा चुकवू नका, असे मी आग्रहाने सांगेन.

या खोऱ्याला जानेवारी १९६८ च्या भूकंपाने उद्ध्वस्त केले. जिबेल्लिना गाव दुसरीकडे नव्याने वसवले गेले आणि जुन्या गावाच्या अवशेषांवर आल्बेर्तो बुर्री या कलावंताने पांढऱ्या काँक्रीटचे आच्छादन घातले. जुन्या गल्ल्या तेवढ्या भेगांसारख्या मोकळ्या ठेवल्या आहेत. माणसाच्या उंचीच्या त्या भिंतींमधून चालताना आमच्यापैकी कुणीच बोलत नव्हते. इसवी सनपूर्व ४०९ मध्ये कार्थेजकरांनी उद्ध्वस्त केलेल्या सेलिनुन्ते या ग्रीक नगराची देवळे त्यानंतर मावळतीच्या उन्हात पाहिली, पण मन जिबेल्लिनातच राहिले होते.

पाचवा दिवस : आग्रिजेंतो

आक्रागास, म्हणजे आजचे आग्रिजेंतो, हे ग्रीक नगर इसवी सनपूर्व ५८० च्या सुमारास स्थापन झाले. त्याच्या कड्यावरच्या देवळांपैकी काँकॉर्डियाचे देऊळ जवळजवळ अखंड आहे आणि त्याचे कारण धर्मांतरात आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे चर्च करण्यात आले, म्हणून त्याचे दगड कोणी पळवले नाहीत. शेजारी झ्यूसचे प्रचंड देऊळ होते, त्याचे दगड मात्र पुढच्या काळात बंदराच्या बांधकामात गेले.

देवळांच्या पायथ्याशी कोलिंबेथ्रा नावाची बाग आहे. ग्रीक काळात इथे मोठा तलाव होता, पुढे तो गाळाने भरला आणि त्या सुपीक गाळात संत्री-लिंबांची बाग उभी राहिली. डोंगरात ग्रीकांनी खोदलेल्या भुयारी पाटांतून येणारे पाणी अजून या झाडांना मिळते. अरबांनी शिकवलेल्या पद्धतीने ते दगडी टाक्यांत साठवतात आणि मातीच्या पाटांतून झाडाच्या आळ्यापर्यंत नेतात. दीर्घकाळ पडीक राहिलेली ही बाग इटलीच्या वारसा-संवर्धन संस्थेने, म्हणजे ‘फाई’ने, पुन्हा लागती केली. माळ्याने कुदळीच्या एका फटक्याने पाटाचा बांध फोडला आणि पाणी दुसऱ्या आळ्याकडे वळवले, ते पाहून आमच्यातले एक शेतकरी काका लगेच त्याच्याशी खुणांनी बोलू लागले. दोघांना दुभाष्याची गरज पडली नाही.

पाण्याचे मोल इथे सगळ्यांना ठाऊक आहे. २०२४ च्या दुष्काळात आग्रिजेंतोत पाणीकपात इतकी कडक होती, की लहान निवासगृहांना पाहुणे घेणे अवघड झाले. तेच शहर २०२५ साठी इटलीची सांस्कृतिक राजधानी म्हणून निवडले गेले होते. अडीच हजार वर्षांपूर्वीचे पाट अजून वाहतात आणि आजच्या शहराच्या नळांना पाणी नसते, याची खंत बाईंच्या बोलण्यात स्पष्ट होती.

सहावा दिवस : पियात्सा आर्मेरिना

बेटाच्या मध्यभागातून जाताना दोन्ही बाजूंना नांगरलेल्या, तपकिरी टेकड्या दिसत राहतात. रोमला गहू पुरवणारा हा प्रदेश. त्या गव्हाच्या पैशावर चौथ्या शतकात उभा राहिलेला एक वाडा पियात्सा आर्मेरिनाजवळ आहे, ज्याच्या जमिनीवरची सुमारे ३,५०० चौरस मीटर कुट्टिमचित्रे डोंगरावरून आलेल्या मातीखाली दबून टिकली. व्यायाम करणाऱ्या, दोन तुकड्यांचा पोशाख घातलेल्या तरुणींचे चित्र सर्वत्र छापले जाते. मला मात्र सुमारे ६० मीटर लांबीचा शिकारीचा मार्ग अधिक मोलाचा वाटला. त्यात हत्ती, शहामृग आणि वाघ पकडून जहाजांवर चढवले जात आहेत. त्याच्या दक्षिण टोकाला हस्तिदंत हाती धरलेली एक सावळी स्त्री बसली आहे, एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला वाघीण. काही अभ्यासक तिला भारताची मूर्तरूप आकृती मानतात, तर काही आफ्रिकेची. वाघ आफ्रिकेत नसतो, म्हणून माझे मत पहिल्या गटाकडे झुकते.

सातवा दिवस : मोदिका आणि नोतो

११ जानेवारी १६९३ च्या भूकंपाने बेटाचा आग्नेय कोपरा जमीनदोस्त केला; सुमारे ६० हजार माणसे गेली असे मानतात. त्यानंतर रागुझा, मोदिका, शिक्ली, नोतो ही गावे एकाच काळात, एकाच मधाळ रंगाच्या चुनखडीत आणि एकाच बरोक, म्हणजे भरगच्च नक्षीच्या, शैलीत पुन्हा बांधली गेली. नोतो तर मूळ जागा सोडून दुसऱ्या टेकडीवर वसवले. त्याच्या कॅथेड्रलचा घुमट १९९६ मध्ये कोसळला आणि जुन्याच पद्धतीने दगडात बांधून ते २००७ मध्ये पुन्हा उघडले.

मोदिकाचे चॉकलेट स्पॅनिश सत्तेच्या काळातले. कोकोचा लगदा जेमतेम कोमट करून त्यात साखर घालतात; ती विरघळण्याइतकी उष्णता देतच नाहीत, त्यामुळे वडी दाताखाली रवाळ लागते. वरून कोकोचे लोणी किंवा दूध मिसळत नाहीत. साच्यांत भरल्यावर ते साचे लाकडी फळीवर आपटत राहतात, म्हणजे लगदा सारखा बसतो आणि हवेचे बुडबुडे निघून जातात. दुकानाच्या बाहेर रस्त्यावरसुद्धा तो आवाज ऐकू येत होता. या चॉकलेटला २०१८ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. दालचिनीची वडी मला सर्वांत आवडली.

आठवा दिवस : सिराकुझा

सिराकुझाच्या ओर्तिजिया या जुन्या भागातले कॅथेड्रल पाहायला आम्ही सकाळी लवकर गेलो. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या अथेनाच्या देवळाचे जाडजूड डोरिक स्तंभ त्याच्या भिंतीत अजून उभे आहेत. स्तंभांमधल्या मोकळ्या जागा दगडांनी भरल्या, आतल्या गाभाऱ्याच्या भिंतीला कमानी पाडल्या आणि सातव्या शतकात देवळाचे चर्च झाले. अरबांनी ८७८ मध्ये शहर घेतल्यावर इथे मशीद होती, नॉर्मनांनी पुन्हा चर्च केले आणि १६९३ च्या भूकंपानंतर पुढची बाजू बरोक शैलीत बांधली. बाहेरच्या गल्लीतून चालताना भिंतीतून अर्धे डोकावणारे स्तंभ हाताने चाचपता येतात. व्हेरेस नावाच्या रोमन राज्यपालाने या देवळातली चित्रे आणि दरवाज्यांवरचा हस्तिदंत लुटला आणि इसवी सनपूर्व ७० मध्ये सिसेरोने त्याच्यावर खटला चालवला, ही हकिगत बाईंनी तिथेच, त्या दाराशी उभे राहून सांगितली.

१३ डिसेंबरला या शहराची रक्षणकर्ती मानल्या जाणाऱ्या संत लुचियाचा दिवस असतो. त्या दिवशी भाविक पाव आणि पास्ता वर्ज्य करतात आणि न दळलेला गहू शिजवून, त्यात रिकोटा हे मऊ, ताजे चीज आणि मध घालून खातात. दुष्काळात धान्याचे जहाज बंदराला लागले, तेव्हा लोकांना दळायचाही धीर निघाला नाही, अशी त्यामागची आठवण सांगितली जाते. दुपारी दगडाच्या खाणी आणि ग्रीक रंगमंडल पाहिले. इसवी सनपूर्व ४१३ मध्ये पराभूत अथेन्सच्या हजारो सैनिकांना याच खाणींत कोंडले होते. आज तिथे लिंबांची झाडे आहेत.

नववा दिवस : एटना

एटना ३,३०० मीटरहून उंच आहे आणि सतत धुमसत असतो. त्याच्या राखेत जे पिकते, ते इतरत्र पिकत नाही, असा इथल्या शेतकऱ्यांचा अभिमान आहे. ब्रोंते गावाचे पिस्ते लाव्हाच्या खडकांतून उगवलेल्या झाडांवरून एका वर्षाआड काढतात आणि झाडापर्यंत यंत्र जाऊ शकत नाही म्हणून हातानेच काढतात. उत्तर उतारावर काळ्या दगडांचे बांध घालून केलेल्या पायऱ्यांवर नेरेल्लो मास्कालेझे जातीची द्राक्षे असतात. प्रत्येक वेल स्वतंत्र खुंटाला बांधलेली, जणू बुटके झाडच. उंचीमुळे ती उशिरा पिकतात. आम्ही पोचलो तेव्हा बहुतेक मळे रिकामे झाले होते आणि तळघरांतल्या पिंपांतून आंबणाऱ्या रसाचा वास येत होता.

रविवार असल्याने झाफेराना एत्नेआ गावात ऑक्टोबरचा बाजार भरला होता. डोंगरातली अळंबी, चेस्टनट, मध, सफरचंदे आणि निवडुंगाची बोंडे यांनी गल्ल्या भरलेल्या होत्या. बोंडे या दिवसांत चांगली मिळतात, त्यामागे शेतकऱ्याची युक्ती आहे. जूनमध्ये पहिला बहर मुद्दाम झाडून टाकतात, म्हणजे झाड पुन्हा फुलते आणि शरदातली फळे मोठी आणि रसाळ येतात. विक्रेत्याने हातमोजे घालून फळाची दोन्ही टोके कापली, उभी चीर दिली आणि साल दोन्ही बाजूंना उलगडून आतला केशरी गर पुढे केला.

दहावा दिवस : कतानिया

कतानियाच्या मुख्य चौकात लाव्हाच्या दगडाचा हत्ती पाठीवर स्तंभ घेऊन उभा आहे. त्याच्या मागच्या पायऱ्या उतरल्या की मासळीबाजार लागतो. सकाळी बदामाचा ग्रानिता, म्हणजे गोड, भुरभुरीत बर्फ, आणि मऊ गोड पाव असा इथला नाश्ता झाला आणि दुपारी ‘पास्ता आल्ला नोर्मा’: तळलेली वांगी, टोमॅटो, तुळशीच्या कुळातला बेझिल आणि खारवलेला रिकोटा. याच शहरात १८०१ मध्ये जन्मलेल्या बेल्लीनी या संगीतकाराच्या संगीतिकेवरून या पदार्थाला नाव मिळाले. सबंध प्रवासात मी खाल्लेल्या पदार्थांत याला पहिला क्रमांक देईन.

जेवणानंतर बाजारात एका गाड्यावर लालसर-हिरवे आंबे पाहून आम्ही सगळेच थबकलो. उन्हाळे वाढत चालल्यामुळे आणि लिंबू-संत्र्यांना भाव उरला नसल्यामुळे बेटाच्या किनारपट्टीवर काही शेतकरी आता आंबा आणि अव्होकाडो लावतात आणि त्यांचा आंबा उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदापर्यंत बाजारात येतो. केंट जातीचा एक आंबा विक्रेत्याने तिथेच कापून दिला. तो गोड होता, त्यात धागा जवळजवळ नव्हता आणि वास मात्र मंद होता. काकूंनी त्याला झाडाचे वय, पाणी किती लागते आणि थंडीत झाडे झाकावी लागतात का, असे प्रश्न विचारले. बाई भाषांतर करत राहिल्या. कोवळ्या झाडांवर हिवाळ्यात जाळ्या टाकतो, पाणी ठिबकनेच देतो आणि वडिलांच्या लिंबाच्या बागेतली अर्धी झाडे त्यासाठी काढली, असे त्याने सांगितले. उरलेली अर्धी काढणार का, असे विचारल्यावर, वडील आहेत तोवर नाही, असे तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी तराजू उचलला.